थंडीपूर्वी हीटर प्लगची परीक्षा

पौष महिन्यातील पहाट. निफाड तालुक्यातील एका मळ्यात रांगड्या कांद्याने भरलेली पिकअप गाडी उभी होती. लासलगावच्या बाजार समितीत सकाळच्या लिलावात माल उभा राहावा म्हणून शेतकऱ्याने आदल्या सायंकाळीच भरणी उरकली होती. रात्रभर गार वारा सुटला होता आणि गाडीच्या काचेवर दव साचले होते. मुलाने किल्ली फिरविली. इंजिन चार-सहा वेळा घरघरले, मागून पांढरा धूर आला आणि ते थांबले. दुसऱ्यांदा तेच झाले, तिसऱ्यांदाही तेच.

“अण्णा, आता बॅटरी जाईल,” मुलगा म्हणाला.

शेजारी धावून आला. त्याने सुचविले, “काकडा पेटवून हवेच्या नळीशी धर. लगेच इंजिन उठेल.”

काकडा पेटला, परंतु इंजिन उठले नाही. हवेच्या नळीचे रबर मात्र पेटले. ओले पोते टाकून आग विझविली गेली म्हणून बरे. गाडीपासून दहा हातांवर कडब्याची गंज होती. नळी जळाली, गाळणी निकामी झाली आणि त्या दिवसाचा लिलाव हुकला.

दुपारी गावपातळीवरील कार्यकर्ता मळ्यावर आला. त्याने दोन तारा जोडलेला एक लहानसा बल्ब घेऊन दहा मिनिटांत इंजिनाची परीक्षा केली. गाडीच्या चार हीटर प्लगांपैकी तीन प्लग मेलेले निघाले. ते केव्हा मेले हे कोणालाच सांगता आले नाही, आणि याच एका गोष्टीत या सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. हीटर प्लग न बोलता मरतो. उन्हाळ्यात व पावसाळ्यात त्याची उणीव भासत नाही. ज्या पहाटे त्याची खरी गरज असते, त्याच पहाटे तो नसल्याचे कळते. म्हणून त्याची परीक्षा थंडी पडण्यापूर्वी, दिवसाउजेडी आणि सवडीने करावयास हवी.

डिझेल इंजिनाला थंडी का बाधते?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटविले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले, त्याचे तत्त्व निराळे होते. सिलिंडरमधील हवा पिस्टनने जोराने दाबली की ती तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, तोच हा प्रकार होय. मोटारगाड्यांच्या डिझेल इंजिनात हवा मूळच्या सुमारे पंधरा ते वीस हिश्श्यांपैकी एका हिश्श्याइतकी दाबली जाते. त्यामुळे तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेट घेतो.

गार पहाटे या क्रियेत तीन अडथळे येतात. पहिला असा की, सिलिंडरचे लोखंड थंड असल्याने दाबलेल्या हवेची उष्णता ते शोषून घेते. दुसरा असा की, इंजिनातील तेल थंडीने घट्ट होते, त्यामुळे इंजिन जड फिरते. सावकाश फिरणाऱ्या इंजिनात हवेला कड्यांच्या फटीतून निसटण्यास वेळ मिळतो आणि दाब अपुरा पडतो. तिसरा असा की, बॅटरीची ताकद थंडीत कमी होते. म्हणजे काम वाढते तेव्हाच काम करणारा अशक्त होतो.

महाराष्ट्रात हिमवृष्टी होत नाही हे खरे. तथापि गोदावरी व कादवा यांच्या खोऱ्यातील निफाड परिसर कडाक्याच्या थंडीसाठी प्रसिद्ध आहे. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात होणाऱ्या नोंदींत काही हिवाळ्यांत पारा ५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलेला आढळतो. अशा पहाटे धडधाकट इंजिनही मदत मागते. कड्या झिजलेल्या जुन्या इंजिनाला तर मदतीवाचून गत्यंतरच नसते.

उष्णता देण्याच्या योजना

ही मदत निरनिराळ्या इंजिनांत निरनिराळ्या रीतीने दिलेली असते. आपल्या गाडीत कोणती योजना आहे हे गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

हीटर प्लग ही सर्वांत परिचित योजना. प्रत्येक सिलिंडरला एक याप्रमाणे पेन्सिलीच्या आकाराचे प्लग बसविलेले असतात. किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरविली की बॅटरीचा प्रवाह त्यांत जातो आणि त्यांची टोके लालभडक तापतात. आजच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगला प्रवाह स्वतंत्रपणे मिळतो, त्यामुळे एक प्लग मेला तरी बाकीचे तापत राहतात. फार जुन्या काही इंजिनांत प्लग एकामागून एक असे साखळीत जोडलेले असत. तेथे एक तुटला की सर्वच थंड पडतात.

काही ट्रॅक्टरांत सिलिंडरमध्ये प्लग नसून आत जाणारी हवाच तापविण्याची सोय असते. हवेच्या नळीत तापणारी जाळी किंवा तारेचे वेटोळे बसविलेले असते. एका प्रकारात त्या वेटोळ्यावर थोडे डिझेल सोडून नळीतच लहानशी ज्योत निर्माण केली जाते.

पुष्कळ ट्रॅक्टरांत आणि हँडल मारून सुरू करावयाच्या पाणी-इंजिनांत यांपैकी काहीच नसते. हँडलच्या इंजिनात दाब सोडण्याचा खटका असतो. तो उघडून इंजिनाला वेग द्यावयाचा व मग खटका पाडावयाचा, हीच तेथील युक्ती होय.

थंड देशांतील धडा

ज्या देशांत पारा शून्याखाली वीस-तीस अंशांपर्यंत उतरतो, तेथे केवळ प्लगवर भागत नाही. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील ग्रँड फोर्क्स येथे ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे काम पाहणाऱ्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिन रात्रभर विजेने ऊबदार ठेवणारे एक साधन बनविले. त्याचे एकस्व त्यांना १९४९ साली मिळाले. आज कॅनडातील मॅनिटोबा व सास्काचेवान यांसारख्या प्रांतांत डिझेल ट्रकच्या इंजिनाच्या ठोकळ्यातच विजेचा तापक बसविलेला असतो. तो सामान्यतः ४०० ते १५०० वॅटचा असून इंजिनातील थंडावा देणारे पाणी तापवितो. गाडीच्या पुढून एक वायर बाहेर आलेली असते. रात्री ती घरातील विजेला जोडावयाची आणि सकाळी काढून गाडी सुरू करावयाची, असा तेथील शेतकऱ्यांचा परिपाठ आहे.

आपल्याकडे या साधनाची गरज नाही. पण ते चालते किंवा नाही हे पाहण्याची तेथील रीत शिकण्यासारखी आहे. त्या साधनाला बहुधा दिवा नसतो, आवाजही जवळजवळ नसतो. म्हणून तेथील जाणता शेतकरी हिवाळ्यापूर्वी वायरीची टोके मीटरने मोजतो. १२० व्होल्टवर चालणाऱ्या १००० वॅटच्या तापकाचा विद्युतरोध सुमारे १४ ओहम भरतो. मीटरने काहीच जोड दाखविला नाही, तर तार तुटलेली समजावी. तापकाची तार व इंजिनाचे लोखंड यांत जोड दिसला, तर मात्र तो तापक विजेला मुळीच लावू नये, कारण गाडीला हात लावणाऱ्यास झटका बसेल. मोजणी ठीक आल्यावर तो साधन विजेला जोडून कान देतो. बरेचदा पाणी तापू लागल्याची बारीक सळसळ ऐकू येते. दोन-तीन तासांनी इंजिनाचा ठोकळा हाताला कोमट लागतो.

यातही एक फसगत आहे. काही वाहनांच्या वायरीत असा खटका असतो की, कडाक्याची थंडी असल्याखेरीज तो प्रवाह जाऊच देत नाही. उबदार दिवशी मोजणाऱ्याला साधन मेलेले वाटते, पण ते जिवंत असते. तात्पर्य असे की, परीक्षा करण्यापूर्वी साधन कोणत्या परिस्थितीत काम करते हे जाणून घ्यावे. हीटर प्लगच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो.

हीटर प्लगची परीक्षा

साहित्य थोडेच लागते. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा एक बल्ब, त्याला जोडलेल्या दोन लांब तारा, योग्य मापाचा पाना आणि तारेचा ब्रश. इंजिन पूर्ण थंड असावे. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, चाकांना दगड लावावेत आणि किल्ली काढून खिशात ठेवावी.

सर्व प्लगांच्या डोक्यांवरून बहुधा एक धातूची पट्टी किंवा वायर गेलेली असते. तीवरील नट सोडवून पट्टी बाजूस करावी आणि ती लोखंडाला कोठेही टेकणार नाही असे पाहावे. नंतर बल्बची एक तार बॅटरीच्या अधिक टोकाला लावावी व दुसरी प्रथम इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला टेकवावी. बल्ब लागला म्हणजे आपले साधन ठीक आहे असे समजावे. ही पहिली खातरजमा न करता पुढे गेल्यास खराब बल्बमुळे चांगले प्लग बाद ठरतात.

आता तीच दुसरी तार प्रत्येक प्लगच्या डोक्याला क्रमाने टेकवावी. बल्ब लागला तर त्या प्लगमधील तार अखंड आहे. लागला नाही तर प्लग तुटलेला आहे. प्लगच्या डोक्यावर गंज वा तेलाची पुटे असल्यास ती ब्रशने साफ करून पुन्हा पाहावे. ज्याच्याकडे मीटर असेल त्याने विद्युतरोधही मोजावा. १२ व्होल्टच्या चांगल्या प्लगचा रोध फार अल्प, साधारणपणे एक ओहमच्या आसपास असतो. सर्व प्लगांचे आकडे एकमेकांच्या जवळपास यावेत. एखादा आकडा फारच निराळा आला तर तो प्लग संशयित समजावा.

प्लग चांगले निघाले तरी परीक्षा पुरी होत नाही. प्लगपर्यंत प्रवाह पोहोचतो काय, हेही पाहावयास हवे. पट्टी पुन्हा घट्ट बसवावी. बल्बची एक तार पट्टीला व दुसरी इंजिनाच्या लोखंडाला लावावी आणि सहकाऱ्यास किल्ली तापविण्याच्या टप्प्यावर फिरविण्यास सांगावे. बल्ब लख्ख लागला तर प्रवाह येतो. लागला नाही तर दोष फ्यूज, रिले किंवा वायर यांत असून प्लग बदलण्यात पैसे घालविणे व्यर्थ होय. नव्या धाटणीच्या काही गाड्यांत मात्र हवा व इंजिन उबदार असेल तर प्रवाह दिलाच जात नाही. अशा गाडीची ही परीक्षा गार सकाळी करावी.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. समोरच्या फलकावर वेटोळ्याच्या चित्राचा दिवा लागतो व विझतो, तेव्हा प्लग तापले असे बहुतेक चालक मानतात. पुष्कळ गाड्यांत तो दिवा केवळ किती वेळ थांबावयाचे ते सांगतो. चारही प्लग मेलेले असले तरी तो नेमाने लागतो आणि नेमाने विझतो. दिवा लागला म्हणजे प्लग तापला असे नव्हे.

प्लग थेट बॅटरीला जोडून तो लाल होतो काय हे पाहण्याची रीत अनेक ठिकाणी दिसते. ती जपून वापरावयास हवी. प्लगवर त्याचा व्होल्ट कोरलेला असतो. आजकालचे काही प्लग पाच-सात व्होल्टांचे असतात. ते थेट १२ व्होल्टला जोडले तर परीक्षेतच जळून जातात. शिवाय तापलेले टोक हाताला गंभीर भाजते. बल्बच्या परीक्षेत प्रवाह मर्यादित राहत असल्याने हे धोके नसतात. प्लग इंजिनातून काढावयाचा असेल तर ते काम जाणत्या कारागिराकडून करवावे. जुना प्लग गंजून अडकलेला असतो. पान्याने जोर केल्यास तो मोडून अर्धा आतच राहतो आणि मग खर्च अनेक पटींनी वाढतो.

हवा तापविणाऱ्या योजनेची परीक्षा याहून सोपी आहे. किल्ली तापविण्याच्या टप्प्यावर पुस्तिकेत सांगितलेला वेळ, बहुधा पंधरा-वीस सेकंद, धरावी. नंतर तापक बसविलेल्या जागी नळीच्या धातूला बाहेरून हात जवळ नेऊन पाहावे. ऊब जाणवली नाही तर वर सांगितल्याप्रमाणे बल्बने प्रवाह तपासावा. ज्योतीच्या प्रकारात त्या साधनाकडे येणाऱ्या डिझेलच्या बारीक नळीत हवा किंवा कचरा अडकला नाही ना, हेही पाहावे.

धुराची भाषा

गाडी सुरू होत नाही त्या प्रत्येक पहाटे दोष हीटर प्लगचाच असतो असे नाही. इंजिन स्वतःच काही खुणा देते, त्या वाचता आल्या पाहिजेत.

इंजिन जोमाने फिरते, मागून पांढरा व डोळ्यांना झोंबणारा धूर येतो, पण ते पेट घेत नाही. याचा अर्थ डिझेल आत पोहोचते आहे, उष्णता अपुरी आहे. येथे हीटर प्लग प्रथम पाहावेत. इंजिन फिरते पण धूर मुळीच नाही, याचा अर्थ डिझेल पोहोचत नाही. नळीत शिरलेली हवा, तुंबलेली गाळणी किंवा रिकामी टाकी शोधावी. इंजिन कण्हत, अडखळत फिरते, याचा अर्थ बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके गंजली आहेत. स्वस्थ ठेवलेल्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२.२ वर आला तर ती निम्मी रिकामी झाली असे समजावे.

इंजिन सुरू होते, परंतु पहिली एक-दोन मिनिटे लंगडत चालते आणि पांढरा धूर सोडते, ही खूण सर्वांत मोलाची आहे. काही सिलिंडर पेटले असून बाकीचे थंडच आहेत असा तिचा बहुधा अर्थ असतो. निफाडच्या त्या पिकअपनेही मार्गशीर्षात अशीच खूण दिली होती. एका जिवंत प्लगच्या बळावर ती कशीबशी उठत असे. घरच्यांनी “गाडी जुनी झाली” म्हणून तिकडे काणाडोळा केला.

जे करू नये ते

हवेच्या नळीशी काकडा धरणे किंवा इंजिनाखाली शेकोटी पेटविणे ही जुनी सवय सोडली पाहिजे. इंजिनाच्या आजूबाजूस डिझेलच्या रबरी नळ्या, तेलाचा थर व वायरी असतात. शेतकऱ्याच्या खळ्यात कडबा, भुसा व जनावरे जवळच असतात. वाचलेल्या पाच मिनिटांची किंमत कधी कधी संपूर्ण गोठ्याने द्यावी लागते.

हवेच्या नळीत इथरचा फवारा मारून इंजिन उठविण्याचीही प्रथा दिसते. ज्या इंजिनात हीटर प्लग किंवा हवा तापविणारी योजना आहे, तेथे हे कदापि करू नये. तापलेल्या तारेशी इथर भिडताच नळीतच स्फोट होतो.

उतारावरून गाडी सोडून किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू करण्यात मनुष्यहानीचा धोका असतो. इंजिन बंद असताना ब्रेक व सुकाणू यांचे साहाय्य मिळत नाही, हे चालक विसरतो. तसेच स्टार्टर सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक वेळ फिरवू नये. मध्ये अर्धा-एक मिनिट विसावा द्यावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून ते तापू देणेही घातक आहे, कारण धुरातील विषारी वायूला रंग नसतो.

केव्हा आणि कोणी करावे?

दिवाळीनंतर द्राक्षबागांची कामे चालू असताना आणि रांगड्या कांद्याची काढणी अद्याप दूर असताना मधले काही दिवस मिळतात. त्या दिवसांत गावातील डिझेल गाड्या व ट्रॅक्टर एका सकाळी चावडीसमोर किंवा सहकारी सोसायटीच्या आवारात एकत्र आणावेत. गावपातळीवरील कार्यकर्त्याने बल्बची परीक्षा सर्वांसमक्ष करून दाखवावी आणि पुढची गाडी तिच्या मालकाकडूनच तपासून घ्यावी. पाहिलेले विसरते, हाताने केलेले राहते. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत परीक्षेची तारीख, कोणता प्लग मेला व कोणता बदलला याची नोंद ठेवावी. त्याच वेळी बॅटरीची टोके साफ करावीत आणि इंजिनातील तेल निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच आहे काय ते पाहावे.

मेलेल्या प्लगच्या जागी बसवावयाचा प्लग त्याच इंजिनासाठी नेमलेला व त्याच व्होल्टचा असावा. केवळ चुडी जुळते म्हणून कोणताही प्लग बसवू नये.

त्या पिकअपला तीन नवे प्लग, हवेची नळी व गाळणी बसविण्यात आली. आठवड्याने पुन्हा कांदा भरला गेला. पहाट तशीच गार होती. मुलाने किल्ली पहिल्या टप्प्यावर धरली, दिवा विझेपर्यंत थांबला आणि मग पुढे फिरविली. इंजिन दोन फेऱ्यांत उठले. शेजारी बांधावर उभा होता. “बल्ब मला दे रे, माझा ट्रॅक्टरही बघून टाकतो,” एवढेच तो म्हणाला. गाडी उजाडायच्या आत लासलगावच्या रस्त्याला लागली होती.